इंग्रजी क्रियापदाला कर्म लागतं की नाही, हे कसं ओळखायचं?

नोकरीच्या पहिल्या वर्षी मी एका ई-मेलमध्ये लिहिलं होतं, ‘वी विल डिस्कस अबाउट द रिपोर्ट टुमॉरो.’ वरिष्ठांनी उत्तरात माझंच वाक्य खाली चिकटवलं आणि त्यातला ‘अबाउट’ तेवढा उडवून पाठवला. शेरा नाही, रागावणं नाही. मला वाटलं, चुकून खोडला गेला असेल. पुढच्या आठवड्यात मी पुन्हा ‘डिस्कस अबाउट’ लिहिलं, त्यांनी पुन्हा उडवलं. तिसऱ्या वेळी मात्र शरमेने शब्दकोश उघडला. तिथे ‘डिस्कस’च्या पुढे एक छोटंसं ‘टी’ अक्षर होतं. ते कशासाठी आहे हे मला तोवर कोणी सांगितलं नव्हतं, आणि मीही कधी विचारलं नव्हतं.

ते ‘टी’ म्हणजे ट्रान्झिटिव्ह, आपल्या भाषेत सकर्मक. त्याच्या जोडीला ‘आय’ येतं, म्हणजे इन्ट्रान्झिटिव्ह, अकर्मक. या दोन अक्षरांचा उपयोग करायला शिकलात, तर मराठी माणसाच्या इंग्रजीतल्या कितीतरी चुका एका झटक्यात कमी होतात.

पहिली पायरी: कर्म म्हणजे काय ते पक्कं करा

क्रिया करणारा तो कर्ता. ती क्रिया ज्याच्यावर घडते ते कर्म. ‘शी ओपन्ड द डोअर’ या वाक्यात ‘शी’ कर्ता, ‘डोअर’ कर्म. ‘द बेबी स्लेप्ट’ या वाक्यात झोपण्याची क्रिया बाळापाशीच संपली, पुढे कोणावर गेली नाही. म्हणून ‘ओपन’ इथे सकर्मक आणि ‘स्लीप’ अकर्मक. ‘ट्रान्झिटिव्ह’ हा शब्द ज्या लॅटिन धातूवरून आला त्याचा अर्थच मुळी ‘पलीकडे जाणे’ असा आहे. क्रिया कर्त्याकडून निघून पलीकडे कर्मापर्यंत पोचते.

आपल्याकडची व्याख्या मला जास्त आवडते. पाणिनी म्हणतो, ‘कर्तुरीप्सिततमं कर्म’, कर्त्याला आपल्या क्रियेतून जे सर्वांत जास्त हवं असतं ते कर्म. आणि लगेच पुढच्याच सूत्रात तो सांगून टाकतो की नको असलेली गोष्टही कर्म होऊ शकते. ‘ही कॉट अ कोल्ड’ म्हणणाऱ्याला सर्दी हवी होती असं थोडंच आहे!

दुसरी पायरी: तुमच्या तोंडात हे व्याकरण आधीपासून आहे

मराठी बोलणाऱ्याला हा फरक शाळेत शिकावा लागत नाही, कारण भूतकाळात आपली जीभ तो रोज करते. ‘तो झोपला’, ‘तो पळाला’, ‘तो पडला’ असं आपण म्हणतो. पण ‘तो पत्र लिहिला’ म्हणत नाही, ‘त्याने पत्र लिहिलं’ म्हणतो. कर्म आलं की कर्त्याला ‘ने’ लागतो आणि क्रियापद कर्माच्या तालावर चालू लागतं: त्याने लेख लिहिला, चिठ्ठी लिहिली, पत्र लिहिलं.

म्हणजे एखाद्या इंग्रजी क्रियापदाचं काय करावं ते सुचेना, तर त्याचा मराठी अर्थ भूतकाळात ‘तो’ बरोबर बोलून पाहा. ‘ने’ आला तर इंग्रजीतही बहुधा कर्म लागेल. अपवाद आहेत. ‘तो धडा शिकला’, ‘ती नाव विसरली’, ‘तो पाणी प्याला’ इथे कर्म असूनही ‘ने’ नाही. आणि काही क्रियापदं दोन भाषांत सरळसरळ वेगळी वागतात. तेव्हा या युक्तीला अंदाजाचंच काम द्या, निकालाचं नको.

तिसरी पायरी: ‘काय?’ आणि ‘कोणाला?’ विचारा, पण तिथेच थांबू नका

सगळ्या पुस्तकांत हीच कसोटी असते. क्रियापदाला ‘काय?’ किंवा ‘कोणाला?’ विचारायचं, उत्तर मिळालं तर सकर्मक. ‘शी रोट अ लेटर.’ काय लिहिलं? पत्र. सकर्मक. ‘ही अराइव्ह्ड लेट.’ काय? उत्तर नाही, ‘लेट’ हे ‘कधी’चं उत्तर आहे. अकर्मक.

पण ही कसोटी तीन ठिकाणी फसवते. ‘शी बिकेम अ डॉक्टर.’ काय झाली? डॉक्टर. उत्तर तर मिळालं, पण डॉक्टर हे कर्म नाही, ती स्वतःच डॉक्टर आहे. ‘बी’, ‘बिकम’, ‘सीम’ ही जोडणारी क्रियापदं. ती कर्त्याबद्दलच काहीतरी सांगतात, दुसऱ्यावर काही करत नाहीत. दुसरी फसगत वेळ आणि अंतराची. ‘ही स्लेप्ट एट अवर्स’ यातले आठ तास कर्म नव्हेत, ते ‘किती वेळ’चं उत्तर आहे. तिसरी गंमत ‘वे’ या क्रियापदाची. ‘ही वेड द बॉक्स’, त्याने खोकं वजन करून पाहिलं, हे सकर्मक. ‘द बॉक्स वेज टेन किलोज’, खोक्याचं वजन दहा किलो आहे, इथे दहा किलो कर्म नाही.

म्हणून दुसरी कसोटी हाताशी ठेवा: वाक्य उलटवून पाहा, म्हणजे पॅसिव्ह करून. ‘अ लेटर वॉज रिटन बाय हर’ चालतं. ‘अ डॉक्टर वॉज बिकम बाय हर’ म्हणताच कानाला खटकतं. ‘टेन किलोज वेअर वेड बाय द बॉक्स’ तर हसूच आणतं. कर्म असेल तरच ते पुढे येऊन कर्त्याच्या खुर्चीत बसू शकतं. ‘हॅव’, ‘लॅक’, ‘रिझेम्बल’ अशी थोडी क्रियापदं कर्म घेऊनही उलटायला नकार देतात, ती तेवढी ओळखून ठेवा.

याच कसोटीतून एक मोठी चूक सुटते. ‘अ‍ॅन अ‍ॅक्सिडेंट वॉज हॅपन्ड’ हे वाक्य अनेकजण बोलतात, लिहितात. मराठीत ‘अपघात झाला’ मध्ये आपल्याला ‘झाला’ ऐकू येतं आणि त्याच्यासाठी एक ‘वॉज’ आपोआप पुढे येतो. पण ‘हॅपन’ला कर्मच नाही, मग उलटवणार काय? ‘अ‍ॅन अ‍ॅक्सिडेंट हॅपन्ड.’ बस. ‘ऑकर’, ‘डिसअपिअर’, ‘डाय’, ‘अराइव्ह’, ‘लास्ट’, ‘एक्झिस्ट’ या सगळ्यांना तोच नियम. ‘ही वॉज डाइड’ नाही, ‘ही डाइड’.

चौथी पायरी: विभक्तीचा सापळा

इथे जरा रेंगाळू या, कारण माझा ‘अबाउट’ इथलाच.

‘डिस्कस’चा अर्थ आपण ‘चर्चा करणे’ असा पाठ करतो. मराठीत या जोडीकडे नीट पाहा. ‘चर्चा’ हे नाम आहे आणि ‘करणे’ या क्रियापदाचं कर्म तेच झालंय. काय केलं? चर्चा केली. कर्माची जागा ‘चर्चा’ने अडवली. आता अहवाल कुठे बसणार? त्याला बाजूला, प्रत्यय लावून बसावं लागतं: अहवालावर चर्चा केली, अहवालाबद्दल चर्चा केली. इंग्रजीत ‘डिस्कस’ने चर्चा पोटात घेतली आहे, कर्माची जागा रिकामी आहे. अहवाल थेट तिथे जाऊन बसतो: ‘वी डिस्कस्ड द रिपोर्ट.’ मध्ये काही नको. आपण मात्र मराठीतला ‘बद्दल’ सोबत उचलून नेतो आणि त्याचा ‘अबाउट’ होतो.

एकदा हे दिसलं की एक आख्खी रांग दिसू लागते. तिच्याशी लग्न केलं, म्हणून ‘मॅरीड विथ हर’. हवं ते ‘मॅरीड हर’. त्याच्याशी संपर्क साधला, म्हणून ‘कॉन्टॅक्टेड विथ हिम’. हवं ते ‘कॉन्टॅक्टेड हिम’. खोलीत प्रवेश केला, म्हणून ‘एन्टर्ड इन द रूम’. हवं ते ‘एन्टर्ड द रूम’. मुद्द्यावर भर दिला, म्हणून ‘एम्फसाइझ्ड ऑन द पॉइंट’. हवं ते ‘एम्फसाइझ्ड द पॉइंट’. गावावर हल्ला केला, म्हणून ‘अटॅक्ड ऑन द व्हिलेज’. हवं ते ‘अटॅक्ड द व्हिलेज’. प्रत्येक ठिकाणी मराठीत एक नाम कर्माची जागा धरून बसलंय: लग्न, संपर्क, प्रवेश, भर, हल्ला.

आणि पुढची गोष्ट फार जणांना कळत नाही. इंग्रजीतही तेच नाम म्हणून वापरलं की शब्दयोगी परत येतो. ‘अ डिस्कशन अबाउट द रिपोर्ट’, ‘हर मॅरेज टू हिम’, ‘एम्फसिस ऑन द पॉइंट’, ‘अ‍ॅन अटॅक ऑन द व्हिलेज’, हे सगळं बरोबर. म्हणून तर गोंधळ इतका चिवट असतो: ‘अटॅक ऑन’ आपण कुठेतरी वाचलेलं असतंच, फक्त तिथे ते नाम होतं. ‘एन्टर इनटू’ सुद्धा पूर्ण चूक नाही. करार करताना ‘एन्टर इनटू अ‍ॅन अ‍ॅग्रीमेंट’च म्हणतात. पण दारातून आत जाताना नाही.

‘ला’ हाही असाच. ‘त्याला विचारलं’ म्हणून ‘आस्क्ड टू हिम’, ‘मला सांगितलं’ म्हणून ‘टोल्ड टू मी’. ‘आस्क’ आणि ‘टेल’ माणसाला थेट कर्म म्हणून घेतात, ‘टू’ नको. ‘से’ मात्र माणसाला थेट घेत नाही. ‘ही सेड मी’ चूक, ‘ही सेड टू मी’ बरोबर. अर्थ जवळजवळ एकच, वागणं उलटं.

पाचवी पायरी: अर्थावर विसंबू नका, जोड्या लावून ठेवा

‘से’ आणि ‘टेल’सारख्या जोड्या इंग्रजीत भरपूर आहेत आणि त्या शेजारी शेजारी ठेवल्या की लक्षात राहतात. ‘रीच’ आणि ‘अराइव्ह’, दोन्हींचा अर्थ पोचणे. ‘वी रीच्ड द स्टेशन’, पण ‘वी अराइव्ह्ड अ‍ॅट द स्टेशन’. ‘आन्सर’ आणि ‘रिप्लाय’: ‘आन्सर द लेटर’, पण ‘रिप्लाय टू द लेटर’. ‘अवेट’ आणि ‘वेट’: ‘अवेट युअर रिप्लाय’, पण ‘वेट फॉर युअर रिप्लाय’. ‘हिअर’ आणि ‘लिसन’: ‘आय हर्ड द साँग’, पण ‘आय लिसन्ड टू द साँग’. ‘माझं ऐक’ म्हणून ‘लिसन मी’ म्हणणारा माणूस इथेच अडखळतो.

या जोड्यांवरून एक गोष्ट उघड होते. कर्म लागतं की नाही हे अर्थ ठरवत नाही, त्या त्या क्रियापदाची सवय ठरवते. म्हणून नवं क्रियापद वहीत एकटं लिहू नका. ‘अराइव्ह: पोचणे’ असं नको, ‘अराइव्ह अ‍ॅट द स्टेशन’ असं लिहा. पाठ करायचं तर हे शेपटासकट.

सहावी पायरी: एकच क्रियापद, दोन्ही चाली

मराठीत आपण स्वर बदलतो: पडणे-पाडणे, फुटणे-फोडणे, तुटणे-तोडणे, जळणे-जाळणे. कप फुटला तर फुटला, फोडला तर कोणीतरी फोडला. इंग्रजीत दोन्हींना ‘ब्रेक’. ‘द कप ब्रोक’ आणि ‘शी ब्रोक द कप’. ‘ओपन’, ‘क्लोज’, ‘बर्न’, ‘मेल्ट’, ‘बॉइल’, ‘स्टॉप’, ‘चेंज’, ‘मूव्ह’, ‘ग्रो’ सगळी अशीच दुहेरी, शब्दकोशात त्यांच्यापुढे ‘टी’ही असतं, ‘आय’ही. आपल्याकडेही अशी थोडी आहेत. ‘दार उघडलं’ आणि ‘त्याने दार उघडलं’, ‘खुर्ची मोडली’ आणि ‘त्याने खुर्ची मोडली’.

‘द डोअर ओपन्ड’ आणि ‘द डोअर वॉज ओपन्ड’ यांत मात्र फरक आहे. पहिल्यात दार उघडलं, कोणी ते विचारात नाही, वाऱ्यानेही उघडलं असेल. दुसऱ्यात कोणीतरी उघडलं, फक्त त्याचं नाव सांगितलेलं नाही. तक्रारीच्या पत्रात हा फरक महागात पडू शकतो.

सगळीच क्रियापदं अशी लवचीक नसतात. ‘फॉल’ म्हणजे पडणे, पण पाडणे नाही. ‘आय फेल द कप’ होत नाही, ‘आय ड्रॉप्ड द कप’. मराठीत ‘वणे’ लावलं की काम झालं: हसवणे, रडवणे, झोपवणे. इंग्रजीला तो प्रत्यय नाही, तिथे ‘मेक’ला बोलवावं लागतं. ‘ही मेड मी लाफ.’ ‘ही लाफ्ड मी’ म्हणालात तर समोरच्याला खरंच हसू येईल.

स्वर बदलायची आपल्यासारखी रीत इंग्रजीतही पूर्वी होती, तिचे थोडे अवशेष उरलेत. ‘राइझ’ म्हणजे वर जाणे, ‘रेझ’ म्हणजे वर करणे. ‘सिट’ म्हणजे बसणे, ‘सेट’ म्हणजे ठेवणे. ‘फॉल’चा जोडीदार ‘फेल’, पण तो आता झाड पाडण्यापुरताच राहिलाय. आणि सगळ्यांत त्रासदायक जोडी ‘लाय’ आणि ‘ले’. ‘लाय’ म्हणजे आडवं होणे, अकर्मक. रूपं: लाय, ले, लेन. ‘ले’ म्हणजे ठेवणे, सकर्मक. रूपं: ले, लेड, लेड. आडवं होण्याचा भूतकाळ आणि ठेवण्याचा वर्तमानकाळ अगदी सारखा! ‘ही ले डाउन फॉर अ‍ॅन अवर’, तो तासभर आडवा झाला. ‘ही लेड द बुक ऑन द टेबल’, त्याने पुस्तक टेबलावर ठेवलं. इथे जन्मापासून इंग्रजी बोलणारेही सर्रास चुकतात, तेव्हा फार मनाला लावून घेऊ नका.

सातवी पायरी: मराठी जे गिळते ते इंग्रजीत बोला

‘सिनेमा आवडला का?’ ‘हो, आवडला.’ मराठीत कर्म काय, कर्ता काय, समजण्यासारखं असेल ते आपण खुशाल गाळतो. तीच सवय घेऊन ‘येस, आय लाइक्ड’ म्हटलं की वाक्य लंगडं राहतं. ‘येस, आय लाइक्ड इट.’ ते एवढंसं ‘इट’ म्हणजे कर्माची हजेरी. ‘लाइक’, ‘वॉन्ट’, ‘नीड’, ‘फाइंड’ यांना ती हजेरी लागतेच. ‘एन्जॉय’चंही तेच: ‘वी एन्जॉइड अ लॉट’ ऐवजी ‘वी एन्जॉइड इट अ लॉट’ किंवा ‘वी एन्जॉइड अवरसेल्व्ज’. हातात काही देताना नुसतं ‘एन्जॉय!’ म्हणण्याची पद्धत आता रुळली आहे, पण ती तेवढ्यापुरतीच.

काही सकर्मक क्रियापदं मात्र कर्म मनात ठेवून चालवून घेतात. ‘आय हॅव ऑलरेडी ईटन.’ ‘शी इज रीडिंग.’ ‘ही ड्राइव्ह्ज.’ काय खाल्लं, काय वाचतेय, काय चालवतो हे विचारण्याची गरज नसते. पण ‘ईट’चा जवळचा भाऊ ‘डिव्हावर’, म्हणजे फडशा पाडणे, कर्माशिवाय एक पाऊल टाकत नाही.

आठवी पायरी: दोन कर्मं

‘गिव्ह’, ‘सेंड’, ‘शो’, ‘टीच’, ‘लेंड’ ही दोन कर्मं घेतात, एक माणूस आणि एक वस्तू. ‘शी गेव्ह मी अ बुक.’ उलट क्रमाने म्हणायचं तर ‘टू’ लागतो: ‘शी गेव्ह अ बुक टू मी.’ ‘बाय’, ‘मेक’, ‘फाइंड’ यांना ‘फॉर’: ‘शी बॉट मी अ बुक’, ‘शी बॉट अ बुक फॉर मी’.

‘एक्सप्लेन’, ‘सजेस्ट’ आणि ‘डिस्क्राइब’ मात्र माणसाला थेट घेत नाहीत. ‘एक्सप्लेन मी द रूल’ चूक, ‘एक्सप्लेन द रूल टू मी’ बरोबर. ‘सजेस्ट मी अ बुक’ तर जिकडे तिकडे दिसतं, पण हवं ते ‘सजेस्ट अ बुक टू मी’. नसेल जमत तर सरळ ‘रेकमेंड अ बुक’ म्हणून माणसाला गाळूनच टाका.

सरावाला काय करायचं

वर्तमानपत्रातली एक छोटी इंग्रजी बातमी घ्या. प्रत्येक क्रियापदाखाली रेघ मारा, कर्म असेल तर त्याला गोल करा, शब्दयोगी आला तर त्याला चौकोन. आठदहा वाक्यं पुरेत, पण रोज. मग शब्दकोशात ‘टी’, ‘आय’ ताडून पाहा. शिकणाऱ्यांसाठी काढलेला शब्दकोश घ्या, त्यात नमुन्याची वाक्यं असतात. जुन्या शब्दकोशांत ‘व्ही टी’ आणि ‘व्ही आय’ अशी अक्षरं दिसतील, अर्थ तोच.

तोवर ही चार वाक्यं तपासा. ‘द मीटिंग वॉज लास्टेड फॉर टू अवर्स.’ ‘प्लीज रिप्लाय माय मेल.’ ‘प्राइसेस हॅव रेझ्ड.’ ‘शी इज मॅरीड विथ टू चिल्ड्रन.’

पहिल्यातला ‘वॉज’ काढा, ‘लास्ट’ अकर्मक आहे. दुसऱ्यात ‘टू’ घाला. तिसऱ्यात किमती आपोआप वाढल्यात, कोणी वाढवल्या असं म्हणायचं नाहीये, म्हणून ‘रिझन’. चौथ्यातला ‘विथ’ पाहून तुमचा हात लाल पेनाकडे गेला असेल, तर मागे घ्या. ते वाक्य बरोबर आहे. तिचं लग्न झालंय आणि तिला दोन मुलं आहेत, एवढंच त्यात म्हटलंय. दोन मुलांशी लग्न लावलं ते आपल्या ‘शी’ प्रत्ययाने.